शेवई अक्षराची पाटी

मंडळी, ऐका! एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. गोड बोलणं हा गुण की दोष? गुण! मग घराला आग लागली की शेजाऱ्याला हळूच, लाडात हाक मारायची? — हसताय काय, असं झालंय!

कोकणातलं एक गाव. तिथं शकू खडपेचं छपाईचं दुकान. पोरीच्या हाताला देवानं वळण दिलेलं. बारीक, लांबसडक अक्षर, काना कललेला, वेलांटी वाऱ्यावर उडाल्यासारखी. तिनं ते कॉम्प्युटरात उतरवलं, त्याचा फॉन्ट केला, नाव ठेवलं 'शेवई'. बारशाची पत्रिका? शेवई. डोहाळजेवण? शेवई. लोणच्याची बरणी? — तिथंही शेवई! गोड दिसायचं हो, खोटं कशाला बोलू. शकूला वाटायला लागलं, माझं अक्षर कुठंही चालतं.

देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, उत्सव तोंडावर. विश्वस्त वामनराव म्हणाले, "शकू, पाटी कर. पायऱ्या निसरड्या आहेत, उतरू नका." केली. कुठल्या अक्षरात? — बोला की!

आणि तिचेच सख्खे भिकूमामा, पालखीला पहिला खांदा देणारे, पाय धुवायला उतरले नि घसरले. पाय मोडला. शकू धावत गेली.

"मामा, पाटी दिसली नाही?"

"दिसली गो. म्हटलं, कुणाचं तरी बारसं असेल. आपल्याला कुठं आमंत्रण?"

तुम्ही हसलात, मंडळी. शकूला रडू कोसळलं. वामनराव कडाडले, "ते अक्षर देवळात पुन्हा नको!"

शकूनं डोळे पुसले. "काका, पाटी मीच करणार. उद्या पालखीबरोबर सगळं गाव तळ्यावर येईल, एकाचाही पाय घसरू देणार नाही. पण माझं अक्षर टाकून देणार नाही."

"हट्ट कशाला?"

"नको त्या कामाला मी जुंपलं त्याला. चूक माझी आहे."

भर उन्हात बसली. लाल रंग, रुंद ब्रश. अक्षर केवढं? पैलवानाच्या मांडीएवढं! 'थांबा. पायऱ्या निसरड्या.' आणि त्याखाली, बारीक शेवईत, 'घरी वाट बघतायत.'

दुसऱ्या दिवशी पोरं धावत आली, लाल अक्षर बघून थबकली. माणूस थांबलं की जवळ जातं, जवळ गेलं की बारीकही वाचतं. वाचून एकेक जण मागं फिरला. खुर्चीत बसवून आणलेले भिकूमामा पाटीकडं बघत राहिले. म्हणाले, "आता पोचलं गो."

आता तुमच्याकडं येतो! गावात अन्याय दिसतो, सभेत उभं राहायची वेळ येते, तिथं तुमचं बोलणं — शेवई! आणि घरी आमटीत मीठ कमी पडलं, की पैलवानाची मांडी! उलटं झालंय, मंडळी. आजपासून बदला.

टाळ्या राहू द्या. घरी जा, आणि पहिलं वाक्य बारीक अक्षरात बोला. दाराची कडी काढणारं माणूस मघापासून वाट बघतंय.