चौथ्याऐवजी दुसरा

हॅलो?… हो, बोल ताई… काय?… मोठ्यानं बोल गं… थांब, कान बदलते. डावा कान इंजिनांनी कधीच खाल्लाय… हं, बोल आता.

पाहिलीस ना कालची शर्यत? सगळ्या जगानं पाहिलं. दोन फेऱ्या उरलेल्या, तुझा लेक पहिला, आणि धूर!… हो, हो, तेही ऐकलं. आमच्या टीमच्या साहेबांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, ‘इंजिन दगा देऊन गेलं.’ माझं इंजिन! अगं, मी त्यांच्या मागेच उभी होते. एकदा वळून बघितलंसुद्धा नाही त्या माणसानं!

…नाही, जेवले नाही. दिवसभर इंजिन उघडत बसले होते. आता त्यातला एक पिस्टन घेऊन घरी आलेय. हा काय, ओट्यावर ठेवलाय, ताटलीत… अगं, पुसून ठेवलाय!

…मी कुठे त्याच्यावर ढकलतेय? पिस्टन सांगतोय. डोक्यावर खाचा पडल्यात त्याच्या, व्हॉल्व्ह आपटल्याच्या. वळणावर ब्रेक मारताना तुझ्या भिंगऱ्यानं चौथ्याऐवजी दुसरा गियर टाकला… टाकला! अगं ऐक ना… लिमिटर? हा शब्द कुठे शिकलीस तू?… मोबाइलवर. बरं. तर इंजिन फार जोरात फिरायला लागलं की तो लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो. इथे चाकंच इंजिनाला फरफटत नेतात. लहानपणी तीनचाकी उतारावरून सोडली की पॅडल कशी नडगीवर आपटायची? तसं. तुझ्या नडगीवर वण आहे अजून… मग! त्यात तीनचाकीचा काय दोष?

…हो, उद्या सकाळी मीटिंग आहे. पण तुला कसं कळलं?… काय सांगू म्हणतेस?… परत बोल… नाही, आलं ऐकू. परत बोल म्हणजे तुझं तुला ऐकू येईल.

‘व्हॉल्व्हची जुनी स्प्रिंग वापरली, चूक माझी,’ असं सांगू? मी?… ताई, घरच्या गॅसची नळी बदलायला मी विसरेन, पण इंजिनात जुनी स्प्रिंग? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरसुद्धा संन्याशानंच आणायचा!

…नोकरी जाईल का काय विचारतेस, जाईलच! मग स्कूटर तरी कोणी देईल का माझ्या हातात?… दुसरी मिळेल? भाजी आहे का ती, या दुकानात नाही तर त्या? पहिली दोन वर्षं मला नटबोल्टच्या पेट्या लावायला बसवलं होतं. पाहुणे आले की म्हणायचे, ‘मॅडम, जरा चहाचं बघता?’ तिथून इंजिन विभागाची प्रमुख व्हायला वीस वर्षं घासलीयेत मी, वीस…

काय म्हणालीस?… ‘तुला एकटीला असं किती लागतं?’… वा, ताई. वा… रडत नाहीये, संतापलेय! मी रडते तेव्हा ओरडत नाही, माहितेय तुला.

…आणि त्याला त्या गाडीत बसवलं कोणी? साहेबांच्या दारात चपला कोणी झिजवल्या? मला काय परका आहे तो? बावीस वर्षांचा पोरगा, चुकला. एक शब्द बोलले का मी त्याला? पण चुकलं तर चुकलं म्हणावं की! नाचता येईना, अंगण वाकडं…

दे त्याला फोन… झोपलाय? आत्ता, संध्याकाळचा?… ताई, दे म्हणते ना!

…हं, मावशी बोलतेय. मनगट कसंय?… शेकतोयस ना?… बरं. आता मला एक सांग. दुसरा टाकलास ना?… हं… मोठ्यानं बोल, राजा… सांगितलंस? साहेबांना? कधी?… गाडीतून उतरल्या उतरल्या. आणि ते काय म्हणाले?… ‘तू गप्प बस, जाहिरातवाल्यांना तुझा चेहरा हवाय. इंजिनाला चेहरा नसतो’… असं म्हणाले? मला आहे की चेहरा! मागेच तर उभी होते!

…थांब, थांब. आणि आईला?… आईलाही सांगितलंस?… काल रात्रीच.

…

नाही रे. तुझ्यावर नाही रागावले. फोन स्पीकरवर टाक… टाकलास?

ताई. बाजूलाच आहेस, कळतंय मला, हा कान शाबूत आहे अजून. तुला माहीत होतं. माझी चूक नाही हे माहीत होतं, आणि तरी तू मला… जाऊ दे. जाऊ दे कसलं, नाही जाऊ द्यायचं! उद्या हा पिस्टन मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार, या ताटलीसकट. भिंगऱ्या, माझ्या शेजारची खुर्ची तुझी. तू आलास तर तू बोल. नाही आलास तर मी बोलेन, पण मग मला सगळं बोलावं लागेल.

…काय?… तू नको मध्ये बोलूस, ताई, त्याला बोलू दे… परत बोल, राजा… हं… हं. किती वाजता येशील?… आलं. आलं ऐकू… ताई, ओरडतेस कशाला, आलं मला ऐकू…

हॅलो?… ताई?