पासपोर्टचा फोटो आणि मामांचं धोतर

पासपोर्टच्या फोटोचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मामांचं ऐका. देवळाली प्रवऱ्याचे मामा एकाहत्तर साली मुलाकडे लंडनला निघाले होते, म्हणून मी त्यांना नगरच्या एका स्टुडिओत नेलं. फोटोत मागे पांढरं हवं होतं आणि तिथल्या एकुलत्या एक पडद्यावर तळं आणि हंस रंगवलेले. फोटोग्राफर मामांना न्याहाळत म्हणाला, "पाहुणे, धोतर चांगलं पांढरंशुभ्र आहे तुमचं."

मामांनी सोगा घट्ट धरला. "फोटू तोंडाचा हाय ना? मग धोतर कशाला?"

"पडद्यावर टांगू. पाच मिनिटांचं काम."

"आन् खालचं आलं म्हंजे फोटूत?"

शेवटी त्यांनी मलाच कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालायला लावलं. "कुठवर दिसतंय?"

"छातीपर्यंत."

"शपथ घे."

मी शपथ घेतली, तेव्हा कुठे मामा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर स्टुलावर बसले.

पुढे कचेरीतल्या साहेबांना मागचं पांढरं पसंत पडलं, पण चेहरा खटकला. "असे का बघताय? कुणाचा संशय आला होता की काय?"

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, परक्याच्या दुकानात बिनधोतराचं बसा, आन् मग मला हसून दावा."