चालवणाऱ्याचं वजन

स्कूटर दुरुस्तीला देऊन बसलेल्या मास्तरांच्या हातात वर्तमानपत्र होतं, पण कान शेजारी कार घेऊन आलेल्या जोडप्याकडे होते.

"मिस्त्री, रेसच्या ट्रॅकवर गाडी तसूभरही झुकता कामा नये. सगळ्यात कडक स्प्रिंग टाका."

"ट्रॅकवर किती जाता, साहेब?"

"कसले जातायत," बायको म्हणाली. "रोज ऑफिस, तेही खड्ड्यांतून."

"मग मध्यम पुरेत. गाडी तर हलकी वाटतेय."

"मागची सीट काढली, स्टेपनी काढली. वीस किलो उतरवले."

"चालवणाऱ्याचं वजन धरून स्प्रिंग ठरवतो आम्ही. तुमचं?"

"सत्तर."

"अहो, सत्तर लग्नात होतं. आता पंच्याण्णव आहे."

मास्तरांनी नकळत पोट आत ओढलं.

"मग कडकच लागतील, साहेब."

"बघ. मी पहिल्यापासून काय सांगतोय?"