शेषराव सरांच्या पोटरीतला गोळा

वसमतच्या स्टँडवर हिंगोलीची एसटी येईना आणि शेषराव सरांच्या शोकसभेला निघालेल्या दोघांचं भांडण मिटेना. वाया चाललेल्या पोरांना समजावण्यात आणि हौसेनं पळण्यात सरांचा जन्म गेला होता. मागच्या बाकावर पदर ओढून बसलेली पद्माबाई ऐकत होती.

"थावरा, सरांना पळण्यात फकस्त मी हरवलं. सभेत सांगनारच."

"किशनराव, मेलेल्या माणसाच्या नावानं काहून थापा मारून राहिले? हरवलं मी. सिद्धेश्वरच्या धरणावर."

"मी बी तिथंच. शेवटाला सरांच्या पोटरीत गोळा आला अन् मी म्होरं गेलो."

"गोळा माझ्या वेळेस आला. डाव्या पायात."

"उजव्या. लंगडत आले अन् म्हणले, एवढा दम हाय, तर दारूच्या गुत्त्यावर काहून बसतूस?"

"मला बी हेच म्हणले. तवाच गुत्ता सुटला."

"म्हंजे आपल्यातला एक खोटा. सभेतच होऊन जाऊ दे."

नवऱ्याच्या पायात गोळा आलेला पद्माबाईनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं पदर मागं सारला.

"भांडू नका, भाऊ. मी सरांची बायको."

"वैनी, मंग तुमीच सांगा. कोणता पाय?"

"दोन्ही. तेल चोळून चोळून माझे हात दुखले. अन् ती बघा गाडी आली, आता जरा हळू बोला. ह्या गाडीच्या कंडक्टरनं बी सरांना हरवलेलं हाय."