टिंबानंतरचं आडनाव

कोणी आडनाव विचारलं, की मला गिरजामावशी आठवते. अर्जुनी मोरगावला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे ना, तिथली गोष्ट. गावच्या तलावाची पाळ दुरुस्त करून द्या, असा अर्ज मावशीनं हातानं लिहिला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. अर्ज टाकायचं सरकारी पोर्टल फक्त पीडीएफ घेतं, म्हणून तिनं फाइलच्या नावातलं जेपीजी खोडून तिथं पीडीएफ लिहिलं. पोर्टलनं मुकाट्यानं घेतलं. महिन्यानं अर्ज परत आला. शेरा होता, फाइल उघडत नाही.

मावशी तणतणत दुकानात आली. "काऊन उघडून नाही राहिली? नाव त बदलवली ना मी!"

म्हटलं, "मावशी, टिंबानंतरचं ते फाइलचं आडनाव. त्यावरून कंप्युटर ठरवतं, हिला कोणत्या पंगतीत बसवायचं. आडनाव बदललं म्हणून आतला फोटो थोडीच बदलतो?"

"मंग आत काय हाये, थे नाही पाहत?"

"घेताना नाही पाहत. आडनाव बरोबर असलं की झालं."

मावशीनं माझ्या कंप्युटरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अन् मी समजली, हा बाहेरदेशातून आला. हा त आमच्याच गावचा निंगाला!"