सुभेदार आबांची चाकूंची पेटी

मंडळी, जरा पुढं सरका. एवढा मंडप घातलाय आणि तुम्ही सगळे खांबाला टेकायला मागं! सरका, सरका. हां. आता एक विचारतो, उत्तर द्यायचं. बापानं जीव लावून जपलेली वस्तू तुमच्या हातात आली. ती जपायची, म्हणजे काय करायचं?

बोला की! पहिल्या रांगेतल्या काकी म्हणतात, "जपून ठेवायची." अहो काकी, तोच तर प्रश्न आहे! जपून ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? कुलूप लावायचं? हार घालायचा? मागं कोण हसलं? हसा. घरी जाऊन तुम्हीही तेच करणार आहात. ऐका आता.

माणदेशाच्या अंगाला पिंपळोशी म्हणून गाव. घरटी एक माणूस फौजेत. तिथले सुभेदार धोंडीराम शेडगे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांना पानाचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. एकच नाद — मिटायचे चाकू! खिशात मावणारे. जिथं बदली झाली तिथून एक आणलाच. कुणी मित्रानं घरी जाताना दिलेला, कुणाशी अदलाबदल करून घेतलेला. एक म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा, एक पितळी मुठीचा. एक लष्करी — डबा फोडायची चोच असलेला. एक आंब्याचं कलम बांधायचा, एक पेन्सिली तासायचा, बोटाएवढा. आणि एक पांढऱ्या मुठीचा. त्याला विसरू नका मंडळी, आपलं आख्यान त्याच्यावर उभं आहे.

रविवार आला की आबा ओट्यावर बसायचे. पेटी उघडायची. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेला एकेक चाकू बाहेर काढायचा. कोरड्या फडक्यानं पुसायचा, सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पातं उघडायचं आणि मिटायचं — टक्क! शेजारच्या घरात ऐकू जायचं. मग त्याच चाकूनं ऊस सोलायचा, कैरी चिरायची, लिंबाची काडी छाटायची. हो, वापरायचे आबा! आणि एक शिस्त. चाकू कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. खाली ओट्यावर ठेवायचे, घेणाऱ्यानं उचलायचा. हातात सुरी दिली की भांडण होतं, अशी समजूत. तुमच्याही घरात आहे की नाही? नुसत्या माना काय डोलवता, आहे म्हणा!

तर आबा गेले. मागं मुलगा दिनकर, आणि धाकटी मुलगी अनसूया, ती दिली होती कोरेगावकडं. पेटी आली दिनकररावांकडं. साखर कारखान्यात कारकुनी करून घरी बसलेला माणूस. वेळच वेळ! आणि रिकामा वेळ असलेला भाविक माणूस घरात असला म्हणजे काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारा. बायकोचं नाव सगुणा. आजचं आख्यान तिच्या बाजूनं सांगतोय मी. कारण सहन तिनं केलं!

दिनकररावांनी पहिलं काय केलं? चिंध्या फेकल्या. "आबांच्या वस्तूला चिंध्या शोभत्यात व्हय?" पेटीला आतून लाल मखमल लावली. पेटी उचलली आणि ठेवली कुठं — देव्हाऱ्यात! खंडोबाच्या टाकाशेजारी! वर कुलूप. किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

सगुणा म्हणाली, "अवो, मामंजी दर रविवारी तेल घालायचे त्याला."

"ते हयात होते तवा शस्त्रं होती ती. आता दैवत हाय."

घ्या! दैवताला तेल चालत नाही म्हणे. अहो, शनिवारी मारुतीला काय दूध घालता का तुम्ही?

आणि मग दसरा. शस्त्रपूजेचा दिवस. दिनकरराव सोवळं नेसून बसले. चाकू पाटावर मांडले. वर पाणी शिंपडलं, पळीनं बरं का, थेंबभर नव्हे! ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता, झेंडू. पाती काही उघडली नाहीत, कारण शस्त्र उपसलं की ते रक्त मागतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. संध्याकाळी तसेच ओले चाकू, हळदकुंकवासकट, मखमलीवर निजवले आणि कुलूप! वर्षभर!

सगुणा म्हणाली, "अवो, पुसा तरी!"

"पूजा पुसत न्हाईत!"

दुसऱ्या दसऱ्याला पेटी उघडली. चाकूंच्या पाठीवर, खाचांत, सांध्यांत सगळीकडं लाल. दिनकरराव बघतच राहिले. डोळ्यांत पाणी! म्हणाले, "सगुणे! वरीस झालं, तरी कुंकू जसंच्या तसं! आबांनी पूजा मान्य केली!"

सगुणेनं कपाळावर हात मारला. "अवो, गंज हाय त्यो!"

"गंज? जीभ झडंल तुझी!"

आणि हा माणूस गावात सांगत सुटला हो! कुंकू जात नाही, कुंकू जात नाही! लोक बघायला यायला लागले. आपले लोक, मंडळी! नळाला पाणी का नाही हे बघायला चार माणसं जमत नाहीत, पण कुंकू बघायला आळीभर रांग! एकीनं नारळ ठेवला. एकानं मुलाचं लग्न जमू दे म्हणून नवस बोलला. आणि ह्या सगळ्यांना चहा कोण करत होतं? सगुणा! दूध संपतंय, साखर संपतेय, आणि देव्हाऱ्यात चाकू गंजतोय. पांढऱ्या मुठीचा तो चाकू तर हाडाच्या मुठीचा होता. चतुर्थीला कांदा उंबऱ्याच्या आत येऊ न देणारा माणूस, आणि देवाच्या उशाला हाड! पण सांगणार कोण? तिला तरी कुठं माहीत होतं?

माहीत होतं फक्त अनसूयेला. लहानपणी रविवारी आबांच्या शेजारी बसायची ती. भाऊबीजेला आली तेव्हा ओवाळून झालं, आणि म्हणाली, "दादा, मला काही नको. आबांचा पांढऱ्या मुठीचा चाकू तेवढा दे. त्यानं आबा मला ऊस सोलून द्यायचे."

दिनकरराव पाटावरून उठले! "बहिणीला चाकू देत्यात व्हय? नातं तुटतं!"

"अरे, मी मागतेय ना?"

"न्हाई म्हणजे न्हाई. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

 अनसूयेनं तबक खाली ठेवलं, पिशवी उचलली, आणि ती दुपारच्या एसटीनं गेली. पुढच्या भाऊबीजेला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता मला सांगा, नातं चाकू दिल्यानं तुटलं की न दिल्यानं? आणि हा गडी दर भाऊबीजेला दारात येऊन बघायचा, रस्त्याकडं. विचारलं तर म्हणायचा, "वारं घेतोय." सगुणा आतून बघायची आणि दात-ओठ खायची. राग यायचा तिला! आणि त्याच नवऱ्याची कीवही यायची, त्याचा आणखी राग यायचा.

अशात दसऱ्याच्या आधी बाजारात तिला कोरेगावकडची एक ओळखीची बाई भेटली. म्हणाली, "तुमच्या वन्सं चालल्या की भिलाईला, लेकाकडं. घरदार आवरलं. दिवाळीनंतर निघणार, कायमच्या. दादाला सांगू नका म्हणाल्या."

सगुणेच्या हातातली भाजी तिथंच राहिली. बहीण कायमची चालली, आणि भावाला सांगायचं नाही! एका चाकूपायी! घरी आली, नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. फोन लावला. "वन्सं, दसऱ्याला या. चाकू घेऊन जा. मी देते."

अनसूया आली, मंडळी! पाट मांडलेला, पेटी उघडलेली, दिनकररावांच्या हातात पळी. बहीण दारात.  सगुणाच म्हणाली, "मी बोलावलंय. दिवाळी झाली की त्या भिलाईला निघाल्यात, कायमच्या."

पळी पाटावर पडली. "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतास? कुंकू लावणार होतास?" असं म्हणून अनसूया पाटापाशी आली. आणि बघितलं. अहो, तिचा चेहरा! बापाचे चाकू होते ते. तिनं पांढऱ्या मुठीचा उचलला. मुठीला बारीक चीर. म्हणाली, "दादा, हाड हाय हे. आबा म्हणायचे, पाणी लागलं की तडकतं. पाण्यापासून जपायचं."

"हाड?" दिनकररावांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. खंडोबाकडं बघितलं. 

"आणि हे काय?"

"कुंकू," दिनकरराव म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

अनसूयेनं पदराचं टोक ओलं केलं, चाकूच्या पाठीवर घासलं. वरचं कुंकू निघालं. खालचं लाल तसंच. पदर कोरडा घेतला, पुन्हा घासलं. तसंच! भावापुढं धरलं. "बघ."

बघितलं त्यांनी.  मग धावत गेले आणि घासकागद घेऊन आले! "आता चकचकीत करतो सगळे!" सगुणेनं डोळे मिटले. देवा, हा माणूस! गंजू देतो तेव्हा हात लावत नाही, आणि हात लावला की सालटी काढतो!

"ठेव तो कागद!" अनसूया ओरडली. "हे लाल हाय ना, ते काढायचं, तेलानं, हळूहळू. हे काळं हाय, ते ऱ्हाऊ द्यायचं. ते कैरीचं हाय, चिंचेचं हाय, आबांच्या हाताचं हाय. ते घासलंस तर आबांचं काय ऱ्हायलं?"

पातं उघडायला गेली, उघडेना. नखाच्या खाचेत नख घातलं, नख वाकलं. सांधा गच्च धरलेला. दिनकररावांनी लगेच पक्कड काढली. सगुणेनं ती हातातून काढून घेतली आणि ओसरीवरून परसात फेकली! टाळ्या काय वाजवता, तुमच्याही घरात पक्कड आहे!

अनसूयेनं सांध्यात तेल सोडलं. म्हणाली, "आज न्हाई सुटायचा. तेल मुरू दे."

आणि अशी ती राहिली. दुपारची एसटी गेली. चाकू सुटेपर्यंत जायचं कसं? दोघं भावंडं ओट्यावर, मधे पेटी. मखमल उपसून टाकली, जुनं धोतर फाडलं. ती एकेक उचलायची. "हा कुठला, सांग?" दिनकररावांना एकही सांगता येईना. चारचौघांत दैवत म्हणून दाखवले, पण ओळखत एकालाही नव्हते! ती सांगायची. "ह्यानं तुझ्या शाळेच्या पेन्सिली तासायचे. ह्यानं तुझ्या पायातला काटा काढला होता, बोंबललास कसा! आठवतंय?" ते हसायला लागले. मग रडायला लागले. मग म्हणाले, "दोन वर्सं आली न्हाईस." ती म्हणाली, "तू तरी आलास?"

सगुणा आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं परसात आबांनी लावलेला आंबा बघायला गेली. तिनं ओट्यावरचा पांढऱ्या मुठीचा चाकू उचलला. सहज नख लावलं. आणि मंडळी — पातं हललं! पूर्ण उघडलं. मिटलं. टक्क!

केवढ्यानं वाजलं! तिनं जीभ चावली. पटकन चाकू होता तसा ठेवला, वर आणखी तेलाचा थेंब सोडला. परसातून दोघं आली. तिनं तोंड एवढंसं केलं. "वन्सं, न्हाई सुटला वो अजून. आजचा दिस ऱ्हावा."

अनसूयेनं चाकूकडं बघितलं. वहिनीकडं बघितलं. तो आवाज जन्मभर ऐकलेली बाई ती, परसात काय, शेतात ऐकू आला असता तिला! पण म्हणाली, "व्हय वहिनी. मुरू दे तेल." आणि दिनकरराव? तेही काही बहिरे नव्हते. म्हणाले, "घाई कशाला करायची? उद्या बघू."

ती चांगली चार दिवस राहिली. निघताना दिनकररावांनी चाकू कोरड्या फडक्यानं पुसला. हात पुढं केला, आणि थांबले. वाकले, आणि ओट्यावर ठेवला. आबा ठेवायचे तसा. तिनं उचलला. त्या भाऊबीजेला ती आली, ऊस घेऊन आली, त्याच चाकूनं सोलला आणि मग भिलाईला गेली. पेटी आता देव्हाऱ्यात नाही. ओट्यावर असते, दर रविवारी. नवस बोललेले गृहस्थ अजून विचारत येतात. सगुणा आता त्यांना चहा देत नाही!

तर मंडळी, काकी, आता तरी कळलं का? घरी जाल, कपाट उघडाल. आईची पैठणी, बापाचं घड्याळ, आजीचं पोळपाट, सगळं जपलंय म्हणता ना? शेवटचं हातात कधी घेतलं होतं? आणि त्याच्यापायी कोण दुखावून बसलंय? सांगू नका मला, मला काय करायचंय! तिला फोन करा. हातात द्यायची भीती वाटत असेल तर खाली ठेवा, ती उचलेल.

आणि कुठं लाल दिसलं, तर आधी पदर ओला करून घासून बघा. गेलं तर कुंकू. नाही गेलं, तर तेल आणा, आणि शेजारी बसा! चला, टाळ घ्या हातात. आणि ते टाळही पुसून घ्या जरा, हिरवे पडलेत!