शनिवार पेठेतली रिकामी जागा

"हॅलो?… हो नम्रता, बोल. नाही गं, रेकॉर्डिंग अजून सुरू नाही झालं, बोल ना."

उत्कर्षाने फोन कानाशी धरला आणि खुर्ची पुढे ओढली. कसबा पेठेतल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत काचेपलीकडे निवेदन करणाऱ्या सुशीलाबाई माइकसमोर बसून चष्मा पुसत होत्या. नम्रता म्हणजे कॉलेजातली मैत्रीण, आता एका टीव्ही वाहिनीत मोठ्या जागेवर. उत्कर्षाची मालिका तिनेच उचलून धरली होती. मालिका विनोदी, पण दिसायची हुबेहूब माहितीपटासारखी. पहिला भाग होता शनिवार पेठेतल्या दुचाकी लावायच्या एका जागेवर. इतिहासकार, प्रत्यक्षदर्शी, जुने नकाशे असा सगळा सरंजाम, आणि मधोमध ती रिकामी जागा. बाईंच्याच आवाजातला कच्चा भाग वाहिनीकडे गेला होता, आज पक्कं निवेदन व्हायचं होतं.

"तुमच्या सरांनी बघितला भाग?… मग?… खरा वाटला म्हणजे?… त्यांना खरोखरचा माहितीपट वाटला? अगं, मग जमलं की… हो, हो… हसले नाहीत, कळलं मला. पण मधे उठले का?… नाही ना? चहा आला तरी?… बरं. अगं ऐक ना, आधी माझं ऐक…"

पण नम्रता ऐकवायलाच बसली होती.

"हशा? कुठे टाकायचा हशा?… मुलाखतीत? अगं, तो गृहस्थ सांगतोय की लग्नाच्या दिवशीसुद्धा गाडी हलवली नाही, बायकोला रिक्षाने घरी आणलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. आणि त्यावर मागून कोणी खिदळणार?… नाही, नम्रता. तिथे हसायचं की नाही ते बघणाऱ्याला ठरवू दे… हं… आणखी काय म्हणाले?… कसला आवाज?"

उत्कर्षा ताठ झाली.

"म्हातारा वाटतो?… हो, थरथरतो थोडा. मग?… कोण, विक्रम? तो स्टेजवर विनोद सांगतो तो?… आज संध्याकाळीच येतोय? म्हणजे तुम्ही त्याला विचारूनही झालं. मला शेवटी सांगताय."

बोलता बोलता तिचं लक्ष समोरच्या लाल दिव्याकडे गेलं. आत बसलेल्या माणसाशी बोलायचं बटण मघापासून दाबलेलंच राहिलं होतं. तिचा शब्दन् शब्द बाईंच्या हेडफोनमध्ये जात होता. उरलेलं अर्धं संभाषण ओळखायला बाईंना काही जड गेलं नसणार. त्यांनी हेडफोन काढून ठेवले होते आणि कागद नीट जुळवून टेबलावर ठेवत होत्या. पर्स खांद्याला लागलीही होती.

"एक मिनिट धर गं."

ती दार ढकलून आत गेली. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे तिला जास्त लागलं. त्या म्हणाल्या की आपल्यापायी तिने हातचं काम घालवू नये, तो मुलगा चांगला बोलतो, त्यांनी ऐकलंय त्याला. आणि आवाज थरथरतो हे काही खोटं नाही. उत्कर्षाने त्यांच्या खांद्यावरची पर्स अलगद काढून खुर्चीला अडकवली.

"बाई, बसा. मी त्यांना नाही म्हणणार आहे. ते तुमच्यासमोर म्हणते."

बाहेर येताना तिने दार उघडंच ठेवलं.

"हां, बोल… नाही, त्या इथेच आहेत… हो, ऐकलं त्यांनी… आता तू ओशाळून काय होणार? ऐक. मी भंडाऱ्याची, माहितीये ना तुला? आमच्या शाळेत हत्तीपायावरची सरकारी फिल्म दाखवायचे. भिंतीला चादर लावून. पोरं अशी बोंबलत असायची की गुरुजींचं कोणी ऐकायचं नाही. आणि हा आवाज सुरू झाला की सगळी गप्प… हो, हाच आवाज. बाईंचा. मला गोळ्यांची भयंकर भीती. आई मागे धावून थकायची. पण त्या आवाजाने सांगितलं, म्हणून घेतली मी गोळी… अगं भावूक नाही होत, कामाचंच बोलतेय."

आत सुशीलाबाई उठायच्या बेतात होत्या, त्या तशाच थांबल्या. जन्मभर त्या अशाच बंद खोल्यांतून बोलत आल्या होत्या, धरणांवर, लसींवर, ज्वारीच्या किडीवर. ऐकणारं माणूस असं समोर कधी आलं नव्हतं.

"विक्रम उत्तम आहे, कोण नाही म्हणतंय? पण त्याने तोंड उघडलं की लोकांना कळणार, गंमत चाललीय. बाई गंमत करत नाहीत. धरणाबद्दल बोलावं तसं त्या जागेबद्दल बोलतात. सगळा विनोद तिथेच आहे गं. तो काढलात तर उरली नुसती पार्किंगची जागा… मग काय करतील सर?… आमची मंगळवारची प्रक्षेपणाची वेळ जाईल. कोणाला?… पाककृतीवाल्यांना. बरं. जाऊ दे… नाही, चिडून नाही, शांतपणे सांगतेय. बाईंशिवाय मी भाग देणार नाही. हे असंच्या असं सांग त्यांना."

वर्षभर राबून उभी केलेली मालिका तिने एका वाक्यात पणाला लावली होती. ते वाक्य परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

काचेपलीकडे बाईंनी हेडफोन पुन्हा चढवले. चष्मा लावला.

"कुठून घेऊ?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या पानापासून," उत्कर्षा म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "नम्रता, ठेवू नकोस. काही बोलूही नकोस. नुसतं ऐक."

तिने फोन स्पीकरसमोर धरला. बाई वाचू लागल्या. घाई नाही, हेल नाही.

"या जागी, रहिवासी सांगतात, एक स्कूटर उभी असे. एके संध्याकाळी मालक परत आला, तेव्हा स्कूटर नव्हती. जागा होती. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच तिथे उभा राहू लागला. जागा जाऊ नये म्हणून."

शेवटच्या शब्दांवर आवाज थोडा थरथरला, आणि त्या थरथरण्याने तो माणूस तिथे उभा राहिलेला दिसला. उत्कर्षाने फोन कानाला लावला.

"हॅलो?… नम्रता, आहेस ना?… अगं बोल काहीतरी… हं… हं… म्हणजे आवाज हाच?… आणि हशा?… तोही नको. नक्की?… सरांशी तू बोलणार? नाही ऐकलं तर?… वाहिनीत एवढी वर्षं काढलीस, म्हणून ऐकतील? बरं, तुझ्यावर सोडते… हो, बाईंना सांगते. नाही, माफी तू स्वतः माग, इथे येऊन… चल, ठेवते… काय?… कोण?"

उत्कर्षाने काचेतून बाईंकडे पाहिलं.

"तो जागेवर उभा राहणारा?… अजून उभा असतो का? अगं नम्रता, तो माणूसच नाहीये. मी बनवलाय त्याला, आणि ते पान तूच मंजूर केलंस… नाही गं. शपथेवर सांगते, तिथे कोणी नाही… बरं, जा. घरी जाताना शनिवार पेठेतून जा आणि स्वतः बघून घे."

तिने फोन बंद करून उलटा ठेवला, आणि बटण दाबून बाईंना म्हणाली, "चौथं पान."